बिनकामाचा घाम

माझ्या लहानपणी लालबागमध्ये कोणी उगाच पळत नसे. भोंगा झाला की गेट बंद होण्याआधी पोचायला माणसं पळत. बस सुटते म्हणून पळत, नळाचं पाणी जातं म्हणून बायका कळशी घेऊन पळत, धाड पडली की मटक्याच्या अड्ड्यावरचे पळत. मागे कोणी लागलेलं नाही, पुढे काही मिळणार नाही आणि तरी माणूस पळतोय, हे दृश्य मी पहिल्यांदा पाहिलं ते वरळीच्या समुद्रावर. तो माणूस गोरा होता. आम्ही पोरं बराच वेळ त्याच्या मागे कोण येतंय ते बघत उभी होतो.

मी स्वतः मात्र रोज पळायचे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, कारण माझ्या पळण्याला कारण होतं. ते कारण म्हणजे नोकरी. गिरणगावात खेळ हा नोकरीचा रस्ता होता. कबड्डीतला चांगला चढाईपटू गिरणीच्या संघात जायचा, नाहीतर बँकेत, रेल्वेत, पोलिसात चिकटायचा. ‘पोरगा बरा खेळतो, कुठंतरी लागेल’ हे वाक्य आमच्या चाळीत आया एकमेकींना धीर द्यायला म्हणायच्या. लागेल म्हणजे नोकरीला लागेल, दुसरा अर्थच नव्हता.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गिरणीच्या साळखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी तिसरीत होते. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर आले, त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. अण्णा त्यांतले एक. पुढे ते वरळीच्या एका इमारतीत रात्रपाळीचे वॉचमन झाले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही. त्यामुळे ‘आपण अजून संपावरच आहोत’ असं ते शेवटपर्यंत म्हणायचे, आणि हे म्हणताना हसायचे की नाही हे समोर कोण बसलंय त्यावर असायचं.

शाळेच्या पीटीच्या बाईंनी मला हेरलं आणि शिवाजी पार्कला धाडलं. तिथल्या मातीत मी दीड हजार आणि तीन हजार मीटर शिकले. घरात रोज एक अंडं यायला लागलं, फक्त माझ्यासाठी. भावाला मिळत नसे. तो समोर बसून बघायचा. त्या अंड्यामुळे माझं पळणं हे घरच्यांनी लावलेलं भांडवल झालं आणि मला ते पक्कं ठाऊक होतं. स्टॉपवॉचमध्ये दोन सेकंद कमी झाले की मला आनंद व्हायचा तो वेगाचा नव्हे. अंडं वसूल होतंय याचा.

वसूल झालं. क्रीडा कोट्यातून एका सरकारी खात्यात कारकून म्हणून लागले. काही मोसम खात्याच्या संघातून पळाले, मग लग्न, मग बदली, मग मुलगी. बूट माळ्यावर जपून ठेवले वगैरे काही नाही. रद्दीबरोबर भंगारवाल्याला दिले. मला खरंच वाईट वाटलं नाही. पळणं ज्यासाठी होतं ते मिळालं होतं. गाडी पकडल्यावर कोणी प्लॅटफॉर्मवर पळत राहतं का?

म्हणून २००४ मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाली तेव्हा माझं मत आधीच तयार होतं, आणि मी ते पुढची पंधरा-सोळा वर्षं ऑफिसात, लोकलमध्ये, नातेवाइकांत ठणकावून सांगत आले. मत असं: पुढे धावणारे पाच-पन्नास खेळाडू सोडले तर बाकी सगळी हौशी मंडळींची जत्रा आहे. ज्यांना दिवसभर खुर्चीत बसायचे पैसे मिळतात त्यांना अंग हलवायला पैसे भरावे लागतात. चार हजाराचे, आठ हजाराचे बूट. मनगटावर घड्याळ, दंडाला फोन. आणि सहा-सहा तास घेऊन बेचाळीस किलोमीटर ‘पूर्ण’ केल्याचं पदक! सहा तासांत पूर्ण केलं म्हणजे धावलात कुठे? ज्याला जिंकायचं नाही त्याने रस्ता अडवू नये. जिथे माझ्या बापाच्या पिढीने आठ तास मागांच्या मधून फेऱ्या मारून पाय मोडून घेतले त्याच लोअर परळच्या टॉवरांतून उतरून ही माणसं ‘फिटनेस’ करतात, हा शेवटचा ठोसा मी नेहमी राखून ठेवायचे. तो बसला की समोरचा गप्प व्हायचा.

हे मत बदललं. कसं बदललं ते सांगायचं आहे, पण त्याआधी ते किती घट्ट होतं ते सांगते.

१८ जानेवारी २०१५ चा रविवार होता. तारीख पाहा. संपाला बरोबर तेहतीस वर्षं झाली होती आणि त्याच दिवशी मॅरेथॉन. आईला घेऊन माहीमला मामाकडे साखरपुड्याला निघाले होते. बस दादरला वळवली, पुढे चालत जा म्हणाले. आई गुडघ्यांनी हैराण. कॅडल रोडला पोचलो तर दोरी लावलेली, पलीकडे जायला वाट नाही, आणि समोरून माणसांचा लोंढा. कुणी घामाघूम, कुणी लंगडत, एकाने तर डोक्याला फेटा बांधून नऊवारी नेसली होती. कडेला इमारतीतली मंडळी खुर्च्या टाकून बसली होती, पोरं संत्र्याच्या फोडी, बिस्किटं, मीठ घेऊन धावणाऱ्यांपुढे हात करत होती. एका चिमुरडीने आईच्याही हातात फोड ठेवली. आईने ती खाल्ली, बी थुंकली आणि विचारलं, “ह्यास्नी किती देत्यात गं?”

“कोणी देत नाही, आई. तेच भरतात.”

“कशापायी?”

मी म्हटलं, “तेच तर.”

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की त्याच शर्यतीत भारतीय महिलांत ललिता बाबर पहिली आली, दोन तास अडतीस मिनिटं एकवीस सेकंदांत, आणि भारतीय महिलांसाठी तो या मार्गावरचा विक्रम होता. ललिता मोहीची, साताऱ्याच्या माण तालुक्यातली. आईचं माहेर त्याच तालुक्यात. आईला फोटो दाखवला तर तिने चष्मा लावून नीट पाहिला आणि म्हणाली, “हिला मिळालं असंल की.” मिळालं होतं, आणि पुढेही मिळालं. ललिता रिओ ऑलिम्पिकला ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत भारतीय बाई दिसली ती १९८४ च्या पी. टी. उषानंतर थेट तेव्हाच. नंतर ललिताला राज्य सरकारात उपजिल्हाधिकारी म्हणून नेमणूक मिळाली. सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला ब्राँझ घेऊन आली. तीही ओएनजीसीत नोकरीला लागली. माझं गणित या दोघींनी पक्कंच केलं. गरीब घरची मुलगी पळते, नोकरी मिळवते. बाकीचे नुसते पळतात.

या गणिताला शंभर वर्षांची परंपरा आहे असंही मी सांगायचे. १९१९ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांना दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून गेले होते. धावणारे बहुतेक शेतकरी, अनवाणी, शर्यतीचे नियमही धड माहीत नसलेले. पण त्यांच्या वेळा युरोपातल्या वेळांशी ताडून पाहिल्यावर दोराबजी चाट पडले. पुढच्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने आणि पैशाने अँटवर्पच्या ऑलिम्पिकला खेळाडू गेले. त्यात बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावला आणि एकोणिसावा आला, दोन तास पन्नास मिनिटं पंचेचाळीस सेकंदांत. आपलेच सदाशिव दातारही त्या शर्यतीत उतरले होते. त्यांना ती पूर्ण करता आली नाही. ही कथा मी नेहमी अशी सांगायचे की बघा, कष्टाळू पाय आणि त्यांना ओळखणारा मालक, मग कुठे मॅरेथॉन होते. आता मुंबई मॅरेथॉनच्या नावापुढे २०१८ पासून टाटा हेच नाव आहे. पण तेव्हा टाटांनी पळणाऱ्याला पाठवलं होतं, आता पळणारा पैसे भरतो, असा माझा शेरा असायचा. टाळ्या मिळायच्या.

मत बदललं ते कुणाशी वाद हरल्यामुळे नाही. झोप गेल्यामुळे बदललं.

सत्तेचाळिशीत पाळी अनियमित झाली आणि रात्री साडेतीन-चारला डोळे टक्क उघडू लागले. अंगातून वाफा निघायच्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रजोनिवृत्ती आहे, होतं असं. घर म्हणजे पुनर्विकासात मिळालेल्या दोन खोल्या. दिवा लावला की आई उठणार, भांडं वाजलं की नवरा उठणार, मुलगी तर तिथेच जमिनीवर. अंधारात छताकडे बघत पडण्यापेक्षा एक दिवस चप्पल अडकवली आणि खाली उतरले.

पहाटे साडेचारचं लालबाग मी त्याआधी नीट पाहिलंच नव्हतं. गणपतीच्या दिवसांतली रात्र वेगळी, ती माणसांनी फुललेली. ही वेगळी. चिवडा गल्ली बंद, मसाला कांडणाऱ्या डंखांना कुलूप, तरी हवेत मिरचीचा खकाणा उरलेला. भारतमाता थिएटरपाशी पेपरवाले गठ्ठे लावत बसलेले. फुलांच्या पाट्या घेऊन दादरच्या मार्केटकडे निघालेल्या टॅक्स्या. मी चालू लागले. मागून एक मोटरसायकल हळू झाली, उगाच हळू झाली, आणि त्या क्षणी पाय आपोआप पळायला लागले. परळच्या सिग्नलपर्यंत गेले. मोटरसायकल कधीच निघून गेली होती. मी थांबले नाही.

म्हणजे पळणं पुन्हा सुरू झालं ते भीतीने. त्यात अध्यात्म वगैरे शोधू नये.

पुढचे काही महिने मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतंच काय? वजन कमी करायचं नव्हतं, साखर ठीक होती, नोकरी होती, बढतीचं वय निघून गेलं होतं. घड्याळ लावत नव्हते. आंबेडकर रोडने हिंदमाता, दादर टीटी, पुढे माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्सला फेरी मारून परत. किती किलोमीटर होतात ते बरेच दिवस मोजलंही नाही. परत येऊन अंघोळ केली की दूधवाला यायचा आणि दिवस सुरू व्हायचा, जणू काही झालंच नाही. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी असं काही करत होते ज्याचा कुणालाही, अगदी मलाही, काही उपयोग नव्हता. आणि ते मी सोडायला तयार नव्हते.

मग एका पहाटे फाइव्ह गार्डन्समध्ये बाकावर दम खात बसले असताना माझ्याच जुन्या मताशी गाठ पडली. ज्याला जिंकायचं नाही त्याने रस्ता अडवू नये. म्हणजे मीही नको? आणि जर मी चालते तर तो सहा तासवाला का नको? तो टॉवरमध्ये राहतो म्हणून? हे मी बरेच दिवस डोक्यात घोळवलं, आणि जिथे पोचले ते मला आजही टोचतं. घाम गाळायचा तर तो कशाच्या तरी कामी आला पाहिजे, हे मत मी गिरणगावचं म्हणून, कामगाराच्या पोरीचं म्हणून अभिमानाने मिरवत होते. पण हे मत कामगाराचं नाहीच. ते मालकाचं आहे. कामगाराच्या अंगातला घाम वाया जाऊ नये ही चिंता मालकाला असते. अण्णांना ती का असावी? मला का असावी? संपानंतर गिरण्या गेल्या, चिमण्या पडल्या, जमिनीवर मॉल उभे राहिले, आणि मालकाचा हा हिशेब मात्र आमच्या दोन खोल्यांत राहून गेला.

जुनं मत खोटं होतं असं मी म्हणत नाही. ज्या घरात अंडं एकच येतं त्या घरात ते खरंच असतं. पण अंडी आता डझनाने येतात आणि तरी मी हिशेब मांडत बसले होते.

आईशी यावर एकदा वाजलं. मी मॅरेथॉनला नाव नोंदवलं आणि फीचा आकडा तिच्या कानावर गेला. आमच्या घरी तेवढ्यात पंधरवड्याचा किराणा येतो. तिने तोच जुना प्रश्न विचारला, किती देत्यात. मी म्हटलं, “आई, तू वारीला आळंदीहून पंढरपूरला चालत गेलीस. अडीचशे किलोमीटर. तुला किती दिले?”

“तिथं पांडुरंग हाय,” आई म्हणाली. “तुझ्या तिथं कोण हाय?”

याला उत्तर नाही. आमच्या भागात बिनकामाचा घाम पूर्वीही निघायचाच की. लालबागच्या राजाची मिरवणूक गिरगाव चौपाटीला पोचायला वीसवीस तास लागतात. आमची पोरं तेवढा वेळ नाचतात, ढकलतात, ओरडतात, दुसऱ्या दिवशी आडवी होतात. त्याला कुणी चोचला म्हणत नाही. देवाच्या नावावर घाम माफ आहे. नोकरीच्या नावावर माफ आहे. नुसता स्वतःच्या नावावर, त्यातून बाईच्या नावावर, चालत नाही एवढंच.

आता सरावाचं. यात माझा जुना अनुभव उपयोगी पडेल असं वाटलं होतं. पडला नाही, आडवाच आला. दीड हजार मीटर म्हणजे पाचेक मिनिटांत फुप्फुसं फाडून घेणं. आमचे सर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर उभे राहून ओरडायचे आणि आम्ही रोज ओकारी येईपर्यंत पळायचो, तोच सराव. मॅरेथॉनला हे चालत नाही. यकृत आणि स्नायू मिळून जी साखर साठवतात ती साधारण तीस किलोमीटरच्या आसपास संपत येते. वेगाने पळाल तर आधीच संपते. मग पाय सिमेंटचे होतात. धावणारे त्याला भिंत म्हणतात. मुख्य उपाय म्हणजे शरीराला चरबी जाळायला शिकवायचं, आणि ते शिकतं हळू पळून. सलग वाक्यं बोलता येतील इतकं हळू. आठवड्यातलं बहुतेक सगळं धावणं असं, रविवारी एक लांबची धाव आणि मध्ये एखादा दिवस वेगाचा.

शिवाजी पार्कच्या ज्या गटात मी जाते त्याचा प्रशिक्षक माझ्या मुलीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा असेल. पहिल्या महिन्यात त्याचं एकच वाक्य होतं: “मॅडम, स्लो.” मी हळू पळायचे आणि बाजूने एखादी नवखी बाई पुढे गेली की पाय आपोआप वाढायचे. “मॅडम, स्लो.” एकदा तो सायकल घेऊन शेजारून चालला आणि मला शाळेतल्या गोष्टी विचारत बसला, म्हणजे मला बोलावं लागेल आणि बोलायला हळू व्हावं लागेल. पार्काची एक फेरी साधारण सव्वा किलोमीटरची. त्या फेऱ्यांत माझ्यापुढे किती जण गेले याची मोजदाद करायची सवय मोडायला मला मॅरेथॉनच्या सगळ्या सरावापेक्षा जास्त मेहनत लागली. ती अजून पूर्ण मोडलेली नाही. कुणी शिवाजी पार्क जिमखान्याच्या कोपऱ्यावर माझ्यापुढे गेलं तर मला अजून कळतं.

गटात कोण कोण आहे हे सांगितलं तर माझं टॉवरवालं प्रकरणही ढासळतं. टॉवरवाले आहेत, बूट आठ हजारांचे आहेत. पण नायगावच्या बीडीडी चाळीतला एक हवालदार आहे, दादरच्या एका दुकानात साड्यांच्या घड्या घालणारी मुलगी आहे, नायरमधली एक नर्स रात्रपाळी करून थेट येते आणि बाकावर डुलक्या काढून मग पळते. एक सत्तरीचे गृहस्थ बनियन-हाफ पँटवर येतात आणि सगळ्यांना ‘श्वास नाकाने’ असं सांगत फिरतात, स्वतः तोंडाने घेतात. २०१६ मध्ये मिलिंद सोमण अहमदाबाद-मुंबई धावत होता तेव्हा त्याच्या आई उषा सोमण साडीत, अनवाणी त्याच्याबरोबर थोडं धावल्या. तो व्हिडिओ इथे अजून चर्चेत येतो. सोमण आमच्या पार्कातला, असं म्हणताना सगळ्यांचा आवाज बदलतो. मिलिंदचं कौतुक कमी, आईंचं जास्त.

मुंबईत जानेवारीतल्या शर्यतीचा सराव म्हणजे पावसाळ्यातला सराव. जून-जुलैत घाम वाळतच नाही. हवाच ओली, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि वेग आपसूक पडतो. बुटात पाणी, काखेत आणि मांड्यांना सोलपटं. त्यावर खोबरेल तेल, बाकी महागडी मलमं मी वापरून सोडली. एका रविवारी लांबची धाव हिंदमातालाच संपली, कारण पुढे गुडघाभर पाणी होतं. ऑक्टोबरात उन्हाचा तडाखा. खऱ्या अर्थाने पळण्यासारखे दिवस नोव्हेंबर उजाडल्यावर मिळतात आणि तोवर मोठं अंतर अंगात मुरलेलं असावं लागतं. धावताना खायला मंडळी पाकिटातले गोड चिकट जेल घेतात. मला ते खाल्लं की मळमळतं. मी बिया काढलेला खजूर, राजगिऱ्याच्या लाडवाचा तुकडा आणि बाटलीत मीठ-साखर-लिंबू घेते. प्रशिक्षक नाक मुरडतो. खजूर चावायला वेळ जातो म्हणे.

लांबच्या धावेची माझी आवडती वाट दक्षिणेला जाते. चिंचपोकळी, भायखळा, मग मोहम्मद अली रोडवरून जेजेच्या पुलाखालून. तिथे पहाटे बेकऱ्यांच्या भट्ट्यांचा जो वास असतो त्यावर दोन किलोमीटर निघतात. मग सीएसएमटी, चर्चगेट, मरीन ड्राइव्ह आणि गिरगाव चौपाटी. मार्ग आखताना पुरुषांना जे कधीच बघावं लागत नाही ते मला बघावं लागतं: संडास. या शहरात २०११ पासून ‘राइट टू पी’ ची मोहीम चालू आहे, आणि तरी पहाटे पाचला बाईसाठी उघडं, दिवा असलेलं, कडी लागणारं स्वच्छतागृह शोधणं हे वीस किलोमीटर पळण्याहून अवघड आहे. माझ्या डोक्यात मुंबईचा एक नकाशा आहे, त्यात फक्त तीच ठिकाणं आहेत. दुसरी गोष्ट वाहनं. मार्च २०२३ मध्ये वरळी सी-फेसवर सकाळी धावायला गेलेली एक बाई मोटारीच्या धडकेत गेली. ती अनुभवी होती, उजेड होता, रस्ता ओळखीचा होता. त्यानंतर आमच्या गटातल्या दोघींना घरच्यांनी बंद केलं. मी समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून पळते, कानात काही घालत नाही. घरी वरळीचं नाव काढत नाही.

काही बाबतींत माझं मत बदललेलं नाही आणि बदलेल असं वाटत नाही. मॅरेथॉनबरोबरच्या हौशी ‘ड्रीम रन’मधली मंत्र्या-संत्र्यांची सेल्फीबाजी मला आजही पाहवत नाही. फी जास्त आहे. एका रविवारसाठी जेवढा रस्ता मोकळा करता येतो त्याचा दहावा हिस्सा फुटपाथ वर्षभर मोकळा ठेवता आला असता, हे मी प्रत्येक वेळी खड्डा चुकवताना म्हणते.

आणि एक माणूस मला सारखा आठवतो, म्हणजे बाई. परळला केईएमच्या बाजूला झाडू मारणारी पालिकेची कामगार. माझी ये-जा तिच्या रोजच्या बघण्यातली. पहिल्यांदा तिने विचारलं, “ताई, कुणाची डिलिव्हरी हाय काय? इतकं पळताय.” मी म्हटलं नाही, असंच. ती झाडूवर हात ठेवून थोडा वेळ विचार करत राहिली. “ह्यानं झोप लागती का?”

“लागते.”

“मग बरंय,” ती म्हणाली आणि कामाला लागली. मालकाच्या हिशेबाबद्दलचा माझा सगळा शोध तिच्यापुढे मांडायची माझी हिंमत नाही. तिला पाच वाजता हजेरी आहे. तिच्या बिनकामाच्या घामाला वेळ कुठून आणायचा ते मला माहीत नाही.

येत्या जानेवारीत मॅरेथॉन. पहाटे सीएसएमटीहून निघायचं, मरीन ड्राइव्ह, हाजी अली, वरळी, सी लिंक, वांद्रे, आणि माहीम-कॅडल रोडने परत. आईला प्रभादेवीला खुर्ची टाकून बसवायचं मुलीने कबूल केलंय. ती यायला तयार आहे, मात्र देवळात जाऊन आल्यावर. बेचाळीस किलोमीटर एकशे पंच्याण्णव मीटर मी किती वेळात संपवीन याचा अंदाज मला आहे आणि तो सांगितला तर २००४ मधली मी खो खो हसेल.

एकच गोष्ट बाकी आहे. परत येताना, पस्तीस किलोमीटरच्या पुढे, हाजी अली ओलांडली की पेडर रोडचा चढ लागतो. साखर संपलेली, ऊन डोक्यावर, आणि समोर रस्ता वर जाताना दिसतो. प्रशिक्षकाचं म्हणणं, तिथे काय वाटेल ते झालं तरी पाय उचलत राहायचा. चाललात की पाय आखडतात, मग पुन्हा धाव लागत नाही. त्याने माझ्याकडून तसं वचनही घेतलंय. गेल्या दोन रविवारी मी एकटी जाऊन तो चढ पाहून आले. जसलोकपासून वरपर्यंत मी चालणार आहे. दोन्ही हात कमरेवर ठेवून, सावकाश, फुटपाथवरून लोक काय म्हणतात ते ऐकत. त्याला अजून सांगितलेलं नाही.